कंबरदुखी आणि ‘नर्व्ह ब्लॉक’

पहाटेच्या लोकलने वसईहून दादरला फुलांच्या टोपल्या नेणाऱ्या बायका आपण साऱ्यांनीच पाहिल्या आहेत. माझी आत्या त्यांतलीच. वीस वर्षे ओझी उचलून तिची कंबर धरली, ती सुटेचना. डॉक्टरांनी ‘नर्व्ह ब्लॉक’ सुचवला तेव्हा आजी घाबरली. “मणक्यात सुई? आणि पाय गेले म्हणजे?” त्या निमित्ताने जे वाचले, विचारले, ते येथे मांडीत आहे.

वाकताना, ओझे उचलताना वाढणारी, आडवे झाल्यावर बहुधा कमी होणारी, आणि जंतू, गाठ वा अस्थिभंग यांपासून न उद्भवलेली ती यांत्रिक कंबरदुखी. बारा आठवड्यांपुढे टिकली की ती जुनाट. एक्स-रेने फारसे उलगडत नाही. मणक्यांची झीज न दुखणाऱ्यांच्याही चित्रात दिसते. मग दुखते कोठे? गादीत, स्नायूत, की मणक्यांच्या मागील चिमुकल्या सांध्यांत? या सांध्यांच्या दुखण्याला १९३३ साली अमेरिकेत घोर्मली यांनी स्वतंत्र नाव दिले.

अशा प्रत्येक सांध्याची वेदना दोन बारीक मज्जातंतू वर पोचवतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई त्यांच्याजवळ नेतात आणि बधिर करणाऱ्या औषधाचे काही थेंब सोडतात. दाढ काढताना दंतवैद्य वापरतात तेच लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले, येथेही चालते. सुई मज्जारज्जूत जात नाही. क्वचित पाय काही तास जड होतो. जंतुसंसर्ग त्याहून विरळा.

पण बधिरता काही तासांचीच, मग उपयोग काय? खरे तर ही सुई म्हणजे कंबरेला विचारलेला प्रश्न आहे. तेवढ्या वेळात कळ थांबली, तर दोषी सांधा सापडला असे मानतात. पुढे रेडिओ लहरींच्या उष्णतेने तोच तंतू निकामी करतात. मात्र तंतू पुन्हा वाढतो आणि दुखणे परतू शकते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २०२५ च्या मार्गदर्शिकेने तर जुनाट पाठदुखीसाठी हे उपाय करू नयेत, असेच म्हटले. अनेक वेदनातज्ज्ञांना ते मान्य नाही. पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे, ताप येणे अशा वेळी मात्र या वादात न पडता तत्काळ इस्पितळ गाठावे.

आत्याने सुई घेतली. ज्या हालचालींनी दुखते त्याच करून पाहा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिने घरभर झाडू मारला, वाकून अंगणही सारवले! चार तास कंबर हलकी होती. संध्याकाळी पुन्हा तीच कळ. पुढची पायरी खर्चाची आहे आणि तिने अजून काही ठरवलेले नाही. तूर्त व्यायाम चालू आहे. मोठ्या टोपलीच्या दोन लहान केल्या आहेत. त्यांतली एक स्टेशनच्या जिन्यावरून मी नेतो.