स्नेहाची घडण : प्रवेशपरीक्षेचा धडा आणि आपली औषधशाळा

चरकाचार्यांनी घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगून स्थावर स्नेहांत तिलतैल श्रेष्ठ मानले, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. बी.ए.एम.एस.चा प्रवेशही आता 'नीट'मधूनच होत असल्याने भावी वैद्यांची स्नेहाशी पहिली शास्त्रीय ओळख मात्र अकरावीच्या जीवशास्त्रात होते.

गेल्या पौषात अशाच एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "वैद्यजी, देवरीकडून आणलेले मोहाचे तेल बाटलीत थिजले; शेजारचे तिळाचे पातळच कसे?" आम्ही गुणकर्मे सांगितली, त्याचे समाधान झाले नाही. उत्तर त्याच्याच धड्यात होते.

ग्लिसरॉलच्या ३ कार्बनांवर ३ मेदाम्ले एस्टर बंधाने जोडली जातात, पाण्याचे ३ रेणू बाहेर पडतात व ट्रायग्लिसराइड तयार होते. कार्बनसाखळीत सर्व बंध एकेरी असल्यास मेदाम्ल संपृक्त. अशा सरळ साखळ्या एकमेकींलगत दाटून बसतात व स्नेह लवकर गोठतो. दुहेरी बंधापाशी साखळीस बाक येतो, रचना सैल राहते व तेल थंडीतही वाहते. मोहाच्या तेलात १६ व १८ कार्बनांची पामिटिक आणि स्टिअरिक ही संपृक्त आम्ले बरीच असतात; तिळात ऑलिइक व लिनोलिइक ही असंपृक्त आम्ले प्रमुख होत.

परंतु हाच दुहेरी बंध प्राणवायूस वाट देतो. जवसाच्या तेलातील सुमारे निम्मे मेदाम्ल लिनोलेनिक, म्हणजे ३ दुहेरी बंधांचे असते. आम्ही भरून ठेवलेले जवसाचे तेल एका उन्हाळ्यात खवटले आणि रुग्णाने सांगेपर्यंत आमच्या ध्यानात आले नाही, ही चूक आम्ही कबूल करतो. तिळाच्या तेलास सिसॅमॉलसारखे घटक राखतात, म्हणून ते अधिक टिकते.

औषधशाळाचालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आयोडीन मूल्य हे दुहेरी बंधांचे माप आहे. तिळाचे साधारण १०० ते १२०, तर जवसाचे १७०च्या आसपास वा अधिक. यात मोठी तफावत दिसल्यास भेसळीची शंका घ्यावी. खवटपणाच्या आरंभासाठी पेरॉक्साइड मूल्य पाहावे. जवसाचे तेल लहान, गडद बाटल्यांत काठोकाठ भरून थंड जागी ठेवावे. जुन्यात नवे मिसळू नये.

विद्यार्थी हा धडा गुणांसाठी पाठ करतो. स्नेहपाक करणाऱ्या आपण वैद्यांनी तो रुग्णासाठी पुन्हा वाचावा, एवढीच विनंती.