मनातला आवाज कोणाचा?

आधी एक छोटासा प्रयोग करू या. ओठ मिटा आणि 'कच्चा पापड, पक्का पापड' हे शब्द मनातल्या मनात भरभर म्हणा. बाहेर आवाज आला नाही, तरी आत काहीतरी 'ऐकू' आले ना? काहींना जीभ किंचित हलल्यासारखीही वाटली असेल. तो निव्वळ भास असेलच असे नाही. एडमंड जेकबसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास अशा वेळी जिभेच्या व ओठांच्या स्नायूंत निर्माण होणारे अतिशय क्षीण विद्युत्संकेत मोजले होते. म्हणजे मनातले बोलणे हेही एक प्रकारचे बोलणेच आहे!

हे बोलणे आपण शिकतो कुठे? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी लहान मुलांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला. लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. 'हा ठोकळा इथे ठेवायचा, पाडायचा नाही हं!' असे शब्द त्याने आईकडून, आजीकडून ऐकलेले असतात. पुढे हे बोलणे पुटपुटण्यावर येते आणि अखेर मनात शिरते. तेव्हा मनातला आवाज आपला असला, तरी त्याचे शब्द आणि सूर आपण भोवतालच्या माणसांकडून उचललेले असतात.

आता यातली मेख पाहा. एखाद्या मुलाला जवळच्याच माणसाकडून वर्षानुवर्षे टोमणे, अपमान किंवा मार सोसावा लागला तर? हातातून पेला निसटला की 'वेंधळा! तुला काही म्हणजे काही जमत नाही', असे रोज ऐकावे लागले तर? पुढे ते माणूस जवळ राहिले नाही, घर बदलले, शाळा बदलली, तरी पेला पडताच तेच वाक्य मनात उमटते. ओरडणारे गेले, पण ओरडणे आत राहिले! नात्यातून झालेल्या अशा खोल जखमेला मानसिक आघात म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मूल त्या माणसालाच दोष का देत नाही? मानसशास्त्रज्ञ याचे कारण असे सांगतात. अन्न, निवारा, माया या सर्वांसाठी मूल ज्यांच्यावर अवलंबून असते, तेच आपल्याशी वाईट वागतात हे मान्य करणे फार भीतिदायक असते. त्यापेक्षा 'चूक माझीच' असे मानणे सोपे जाते. कारण मग 'मी शहाण्यासारखे वागलो, तर हे थांबेल', अशी आशा तरी उरते.

पायाला जखम झाली की आपण लंगडतो. दुखऱ्या पायावर भार पडू नये, म्हणून तेव्हा ते उपयोगीच असते. पण जखम भरल्यावरही लंगडण्याची सवय राहिली, तर चाल बिघडते. स्वतःला दूषणे देणे हे असेच मनाचे लंगडणे आहे. तो स्वभाव नव्हे, दुबळेपणाही नव्हे. ती शिकलेली सवय आहे; आणि जे शिकता येते, ते बदलताही येते.

कसे बदलायचे? अ‍ॅरन बेक (१९२१–२०२१) हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ. १९६० च्या दशकात खिन्नतेच्या रुग्णांचे बोलणे ऐकताना त्यांना दिसले, की दुःखाच्या क्षणाआधी रुग्णांच्या मनात एखादे वाक्य विजेसारखे चमकून जाते. त्यांनी रुग्णांना ती वाक्ये पकडायला आणि विज्ञानातील गृहीतकांप्रमाणे पुराव्यावर तपासायला शिकवले.

उदाहरण घेऊ. मैत्रीण आज बोलली नाही, ही घटना. 'मी कोणालाच आवडत नाही', हे मनाचे वाक्य. आता पुरावा पाहा. ती आज कोणाशीच बोलली नाही. काल तर तिने आपल्या डब्यातली पोळी मला दिली होती. मग नवे वाक्य असे होते : 'तिचे काहीतरी बिनसले असेल, उद्या विचारून पाहीन.' 'कोणालाच', 'नेहमीच', 'कधीच' हे शब्द दिसले की सावध व्हा. असे विधान खोटे ठरवायला एकच उलट उदाहरण पुरते, हे तुम्ही गणितात शिकला आहातच.

मग 'मी फार छान आहे' असे शंभर वेळा घोकले तर? थांबा! कॅनडातील जोॲन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच २००९ मध्ये तपासले. 'मी प्रेमास पात्र आहे' असे घोकल्यावर, ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना आणखी वाईट वाटले. मन जणू उलट वाद घालू लागते. म्हणून नवे वाक्य गोड असण्यापेक्षा पटणारे असावे.

आणखी एक युक्ती. अमेरिकेतील ईथन क्रॉस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की ताणाच्या प्रसंगी 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून बोलणाऱ्यांची घालमेल कमी होते. मित्राला आपण जसा धीर देतो, तसा स्वतःला देता येतो. मनाशी असे बोलणे मराठीला नवे नाही. समर्थ रामदासांनी 'मनाचे श्लोक' मनालाच उद्देशून रचले, आणि तेही मनाला 'सज्जन' म्हणून!

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कोणी आजही मारत, छळत किंवा अपमान करत असेल, तर आधी मनातले वाक्य बदलायचे नाही. आधी ते वागणे थांबले पाहिजे. त्यात तुमचा दोष नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ या दूरध्वनी क्रमांकांवर भारतात विनामूल्य मदत मिळते. जुनी जखम खोल असेल, तर तज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही. नात्यात झालेली जखम बरी व्हायला चांगले नातेच लागते. जो आवाज प्रेमाने बोलतो, तोही ऐकता ऐकता आत शिरतोच.

जुने वाक्य एका दिवसात जाणार नाही. चाल सुधारायलाही महिने लागतात. तेव्हा आज वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा : घटना, मनाचे वाक्य, पुरावा. पुढच्या वेळी पेला पडेल, तेव्हा मनात काय ऐकू येते ते लिहा आणि त्याखाली एवढेच विचारा, 'हा आवाज कोणाचा?'