व्हॅन बंद पडली? सीट उचला!

मारुती व्हॅन रस्त्यात थांबली की आधी पुढची मंडळी खाली उतरतात. ढकलण्यासाठी नव्हे, इंजिन त्यांच्या सीटखाली असतं म्हणून! १९८४ साली आलेली, १९८८पासून ‘ओम्नी’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी २०१९पर्यंत बनत होती. तिला बॉनेट उघडायची भानगडच नाही. सीट उचलली की ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन समोर हजर. भर पावसात छपराखाली बसून इंजिनात हात घालता येतो. महागड्या गाडीवाल्यांच्या नशिबी ही चैन नाही.

या रचनेची एक खोडी मात्र पक्की. भर उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट व्हॅन गुमान चढते. माथ्यावर चहा होतो, मंडळी परत येतात, सेल्फ मारतात आणि गाडी ढिम्म! बॅटरी ठणठणीत, टाकी भरलेली, मग झालं काय? तर पेट्रोल उकळलं. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचं मिश्रण असतं आणि त्यातला हलका भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. गाडी चालू असते तोवर रेडिएटरचं पाणी फिरतं, खालून वारा लागतो. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं आणि उष्णता सीटखाली कोंडते. म्हणजे गाडी थांबल्यानंतर काही मिनिटं तिथलं तापमान उतरायच्याऐवजी चढतं! पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा राहतो. यावरचा इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं. पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी सुरू. त्याहून उत्तम म्हणजे चहाला उतरतानाच सीट उचलून ठेवावी आणि सरकतं दार उघडं टाकावं.

आता इंजिन थेट मागच्या टोकाला असलेली जगप्रसिद्ध व्हॅन घ्या. फोक्सवॅगनच्या या गाडीची पहिली कल्पना बेन पॉन नावाच्या डच गाडी-विक्रेत्याने १९४७ साली वहीत काढलेल्या एका रेखाटनात होती. १९५० साली ती बाजारात आली तेव्हा तिची ताकद होती फक्त २५ अश्वशक्ती. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्यापर्यंत आलेल्या हिप्पींच्या वाहनांत हिचा मान मोठा होता. त्या काळच्या या गाडीला रेडिएटरच नाही! इंजिन पंख्याच्या वाऱ्यावर थंड राहतं, त्यामुळे वाळवंटात पाणी उकळण्याची धास्ती नाही.

पण जुन्या मॉडेलांत एकच पट्टा डायनॅमोही फिरवतो आणि पंखाही. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचं बघू पुढच्या गावी’ असं म्हणायची सोय नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबला, आणि इंजिन जळायला वेळ लागत नाही. नवा पट्टा मिळेपर्यंत नायलॉनचा लांब पायमोजा पिळून, घट्ट गाठ मारून पट्ट्याच्या जागी चढवण्याची युक्ती जगभर सांगितली जाते. ती थोड्या अंतरापुरतीच. आणखी एक गंमत म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापायचा, कारण त्याच्या वाऱ्याच्या वाटेत ऑइल कूलर उभा! पुढे कूलरची जागाच बदलावी लागली.

या गाड्यांच्या दुरुस्तीवर जॉन मुइर यांनी १९६९ साली काढलेलं पुस्तक लाखांनी खपलं. पाना कधी हातात न धरलेल्या माणसाला समोर ठेवून ते लिहिलं होतं. माझ्या मते वाहनदुरुस्तीवर याहून माणुसकीचं पुस्तक झालेलं नाही. ही व्हॅन ब्राझीलमध्ये २०१३ अखेरपर्यंत बनत होती. तिथे एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि तिचं उत्पादन थांबलं.

रेडिएटरवाल्या गाड्यांकडे परत येऊ. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण मात्र दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी ११०च्या पुढे जाऊनही उकळत नाही. अशा वेळी झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि पाण्याची क्षणात वाफ होते. गाडी तापली तर झाकणाला अर्धा तास हात लावू नये! व्हॅनला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. तो एक छोटा रेडिएटरच असतो. माणसं घामाघूम होतात, पण इंजिन वाचतं. पंखा विजेचा असेल आणि फिरत नसेल, तर मिस्त्री बॅटरीवरून थेट वायर जोडून तो ‘डायरेक्ट’ करतात.

बारीक भोकातून पाणी ठिबकतंय? रेडिएटर थंड झाल्यावर त्यात हळद टाकणारे ड्रायव्हर आजही भेटतात. हळदीतले पिठूळ कण फुगून भोक बुजवतात. गावी पोचल्यावर रेडिएटर धुऊन घ्यायचा, नाहीतर बाकीच्या नळ्याही बुजतील. पेट्रोलची टाकी गळत असेल तर अंगाचा साबण चोळतात. पेट्रोलमध्ये बरेच गोंद विरघळतात, साबण विरघळत नाही. इतकं साधं रसायन आहे ते.

धक्का स्टार्टचीही एक अट असते. जुना डायनॅमो आपल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर स्वतःच वीज निर्माण करायला लागतो. अल्टरनेटरला मात्र सुरुवातीला बॅटरीची थोडी वीज लागते. त्यामुळे बॅटरी पार मेलेली असेल तर अख्खं गाव ढकलायला आलं तरी अल्टरनेटरवाली पेट्रोल व्हॅन बहुधा सुरू होत नाही. जुन्या डिझेल मॅटाडोरची गोष्ट निराळी. डिझेलला ठिणगीच लागत नाही, म्हणून रात्री गाडी उतारावर लावली की सकाळी सेल्फची गरज नाही. तिथे खरी कटकट टाकी रिकामी झाल्यावर. लाइनने ‘एअर घेतली’ की नुसतं डिझेल भरून चालत नाही; नट सैल करून, हातपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी लागते.

घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ लागलं तर तिथे मात्र कसलीच युक्ती करू नये. डॉट-३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की १४०च्या आसपासच उकळू शकतं. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. गाडी बाजूला घ्यावी, पूर्ण थंड होऊ द्यावी, ऑइल बदलेपर्यंत घाट उतरू नये. मुळात ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं.

आणि क्लच वायर तुटली तर? टोचन लावायची घाई नको. मोकळा, सपाट रस्ता असेल तर गाडी बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि सेल्फ मारा. व्हॅन एक हिसका देते आणि चालत्या-चालत्याच सुरू होते. पुढचे गिअर एक्सिलेटर सोडून, वेग जुळवत अलगद पडतात. थांबायच्या आधी न्यूट्रल करा. अशा रीतीने पुढच्या गावचं गॅरेज गाठता येतं, आणि नवी वायर तिथे बहुतेक वेळा खिळ्याला टांगलेलीच असते.