यूयू तू : हिवतापावरील औषधासाठी एक तपश्चर्या

हुडहुडी भरून ताप चढणे, घाम सुटून उतरणे आणि पुन्हा चढणे. हिवतापाचे हे चक्र आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने घरोघरी पाहिले आहे. क्विनीन व त्यानंतर क्लोरोक्वीन आले आणि या आजाराची धास्ती कमी झाली. परंतु १९६० च्या दशकात आग्नेय आशियातील हिवतापाचे परजीवी क्लोरोक्वीनला दाद देईनासे झाले. व्हिएतनामच्या युद्धात जंगलांत लढणारे सैनिक या तापाने जर्जर झाले. उत्तर व्हिएतनामने चीनकडे साहाय्य मागितले आणि २३ मे १९६७ रोजी तेथे एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्या तारखेवरूनच त्याचे नाव पडले, ‘५२३’.

जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक औषधसंस्थेतील यूयू तू यांच्याकडे या प्रकल्पातील एका गटाची धुरा आली. तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. सोळाव्या वर्षी क्षयरोगामुळे त्यांचे शिक्षण दोन वर्षे खंडित झाले होते. त्या अनुभवातूनच त्यांनी औषधशास्त्राची वाट धरली. त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षणही नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या काळात पतीला ग्रामीण भागात पाठवण्यात आले होते. यूयूंनी थोरल्या मुलीला पाळणाघरात ठेवले, धाकटीला निंगबो येथे आपल्या आईवडिलांकडे सोपवले. तीन वर्षांनी भेट झाली, तेव्हा धाकटीला आई ओळखू आली नाही.

त्यांनी प्राचीन वैद्यकग्रंथ चाळले, वृद्ध वैद्यांना गाठले, दोन हजारांवर पाठ जमवले आणि त्यांतील ६४० निवडून एका वहीत उतरवले. त्यांत ‘छिंगहाओ’ नावाची वनस्पती होती. आपल्याकडे देवाला वाहिला जाणारा सुगंधी दवणा हा तिचाच भाऊबंद. तिच्या अर्काने आरंभी आशा दाखवली. पुढे मात्र परिणाम कधी दिसे, कधी दिसत नसे.

उत्तर सापडले ते चौथ्या शतकातील वैद्य ग हाँग यांच्या ग्रंथात. मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा, एवढेच तेथे लिहिले होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता! काढा करताना उष्णतेने औषधी गुण नष्ट होत असावा, असे यूयूंनी ताडले. त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणाऱ्या ईथर या द्रवाने अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा अर्क प्रयोगशाळेतील प्राण्यांवर पूर्णतः गुणकारी ठरला.

पण मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला कारखाना उपलब्ध नव्हता. मग घरगुती पाण्याचे रांजण वापरले. हवा खेळती नसल्याने ईथरच्या वाफेने सहकारी आजारी पडले; यूयूंनाही यकृताचा विकार जडला. औषध रुग्णांना देण्यापूर्वी, १९७२ मध्ये, त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी ते प्रथम स्वतः घेतले. ते निर्धोक ठरल्यावरच त्या वर्षी हायनान बेटावर रुग्णांना दिले गेले आणि त्यांचा ताप उतरला. पुढे शुद्ध स्वरूपात मिळालेले हे द्रव्य ‘आर्टेमिसिनिन’ म्हणून जगाला ज्ञात झाले. १९७७ चा पहिला शोधनिबंध कोणत्याही व्यक्तीच्या नावाविना प्रसिद्ध झाला, कारण त्यामागे अनेक संस्थांतील शास्त्रज्ञांचे श्रम होते. यूयूंना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले ते २०१५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी.

आज घातक फाल्सिपेरम हिवतापावर आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधे दिली जातात; भारताच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतही त्यांना स्थान आहे. मात्र कंबोडिया व आसपासच्या प्रदेशांत परजीवी या औषधालाही विरोध करू लागल्याचे आढळले आहे. म्हणून ताप आल्यास रक्ततपासणी करावी, औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे आणि ताप उतरला तरी ठरलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. अर्धवट सोडलेली गोळी क्षुल्लक वाटते, पण अशा निष्काळजीपणातूनच परजीवी पुन्हा बळावतो.

पूर्वजांचे ज्ञान ग्रंथात सुरक्षित होते, तरी ते शतकानुशतके मूक राहिले. ते बारकाईने वाचणारी, पडताळून पाहणारी आणि पहिला धोका स्वतःच्या देहावर घेणारी एक स्त्री भेटली, तेव्हा ते लक्षावधींचे जीवनदान ठरले. वारसा जपणे म्हणजे केवळ त्याचा अभिमान बाळगणे नव्हे, हेच तिच्या जीवनाचे सांगणे आहे.