गवताळ डोंगर, वणवा आणि जाळरेषा

देहूजवळचा भंडारा डोंगर, चाकणच्या पश्चिमेचा भामचंद्र आणि सोमाटण्याजवळचा घोरावडेश्वर हे तिन्ही डोंगर तुकोबांच्या एकांतवासाशी जोडलेले असल्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या पायथ्याशी आज पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणचे कारखाने पसरले असले, तरी उतारांवरचे गवत जुन्याच क्रमाने पावसात वाढते, दिवाळीनंतर पिवळे पडते आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत केव्हाही पेट घेऊ शकेल अशा अवस्थेत उभे राहते. या काळात येथे वीज पडून आग लागणे दुर्मीळ असल्याने वणव्याचे कारण जवळजवळ नेहमी माणसाच्या हातात सापडते: नवा फुटवा जोमाने यावा म्हणून लावलेली काडी, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, न विझवलेले विडीचे थोटूक, बांध जाळताना उडालेली ठिणगी किंवा निव्वळ खोडसाळपणा. आग कोणी लावली हा पोलिसी प्रश्न झाला. ती लागल्यावर कोणती वनस्पती मरते, कोणती तगते आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत तो उतार कसा दिसेल, हा आगीच्या परिसरशास्त्राचा, म्हणजे आग, वनस्पती, माती, हवामान आणि माणूस यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

या अभ्यासासाठी हा पट्टा विशेष बोलका आहे, कारण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने घटतो आणि पिंपरी-चिंचवडच्या पुढे सातशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. अतिओल्या प्रदेशात जळण भरपूर असते, पण ते क्वचितच पुरेसे वाळते. अतिकोरड्या प्रदेशात जे उगवते ते वाळते खरे, पण आगीला पुढे सरकण्याइतके सलग नसते. म्हणून वणव्यांचे प्रमाण मधल्या पावसाच्या पट्ट्यात सर्वाधिक असावे, असा एक सिद्धान्त आहे. नंदिता मोंडल आणि रामन सुकुमार यांनी निलगिरीच्या परिसरातील शुष्क जंगलांवर तो तपासून आपला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. मावळातील सदाहरित राई, मधली पानझडी झाडी आणि चाकणकडील उघडी गवताळ टेकडी यांना वणव्याविषयीचा एकच नियम लावणे का चुकते, याचे उत्तर या पर्जन्यमानाच्या उतरंडीत आहे.

उघड्या टेकडीला उजाड म्हणण्याची सवय मात्र फार खोलवर रुजली आहे. जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे मांडले की, ज्या अनेक प्रदेशांना भारतात ‘पानझडी जंगल’ म्हटले जाते ते प्रत्यक्षात सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडे आणि त्यांखाली सलग गवत असलेल्या परिसंस्था आहेत. हे गवत भर उन्हात जोमाने वाढणारे असून सावलीत खुरटते, त्यामुळे झाडांची दाटी वाढली की ते संपते आणि त्याबरोबर त्यावर जगणारे जीवही जातात. दिग्विजय पाटील आणि आशीष नेर्लेकर यांचे २०२५ मधील संशोधन तर थेट मराठी वाचकाच्या घरातले आहे: जुन्या मराठी काव्यात, चरित्रग्रंथांत आणि लोकगीतांत आलेल्या वनस्पतींच्या उल्लेखांवरून त्यांनी दाखवले की, पश्चिम महाराष्ट्रातील हे गवताळ, काटेरी झाडीचे प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तसेच आहेत आणि जंगल तोडून मागे उरलेली पडीक जमीन अशी त्यांची ओळख टिकत नाही. ही गोष्ट एकदा मान्य केली की वणव्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते, कारण इथल्या गवताने आगीशी आणि चराईशी जुळवून घेतलेले आहे.

या जुळवणुकीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे डोंगरावर चालणाऱ्याच्या कपड्यांना चिकटणारे कुसळीचे गवत. त्याच्या बीला असलेले लांब कुसळ हवेतील ओलाव्यानुसार पिळते आणि उलगडते, आणि या हालचालीमुळे टोकदार बी जमिनीच्या भेगेत शिरते. वेगाने पुढे जाणाऱ्या गवताच्या आगीत पृष्ठभागावर शेकडो अंश तापमान असले, तरी एक-दोन सेंटीमीटर खाली माती फारशी तापत नाही. तिथे बी सुरक्षित राहते. बहुवार्षिक गवताच्या ठोंबाचे वाढीचे कोंबही जमिनीलगत, जुन्या खोडव्यांच्या आवरणात असतात, त्यामुळे काळ्या पडलेल्या उतारावर पाऊस पडताच हिरवा फुटवा येतो. झाडांपैकी पळस मुळापासून पुन्हा फुटतो, ऐनाची जाड, भेगाळ साल आतील जिवंत थराला उष्णतेपासून वाचवते; पण पातळ सालीची कोवळी रोपे या आगीत जातात. साहजिकच गवताळ टेकडीवर दाटीने लावलेली रोपे दोन-तीन वर्षांत जळाली म्हणजे वणव्याने जंगल खाल्ले असे म्हटले जाते, तेव्हा आधी लागवडीची जागा योग्य होती का, हे विचारणे आवश्यक ठरते.

आग किती तीव्र होती हे मोजण्याचे काम वरवर साधे, परंतु चिकाटीचे आहे. एक चौरस मीटरची चौकट ठेवून तिच्यातील गवत कापायचे, तोलायचे, भट्टीत पूर्ण सुकवून पुन्हा तोलायचे; दोन वजनांतील फरकावरून जळणातील ओलावा कळतो. आग सरकण्याचा वेग खुणेच्या काठ्यांच्या मदतीने मोजतात, आणि नंतर खोडावर किती उंचीपर्यंत साल करपली याची नोंद करतात. बायरम यांनी १९५९ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार जळणाचे उष्णतामूल्य, दर चौरस मीटरमागील जळालेले वजन आणि पुढे सरकण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे आगीच्या आघाडीची तीव्रता. उदाहरणादाखल, चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम वाळके गवत, किलोमागे १८ हजार किलोज्यूल उष्णता आणि सेकंदाला २० सेंटीमीटर वेग धरला, तर आघाडीच्या प्रत्येक मीटरमागे १,०८० किलोवॅट तीव्रता येते आणि ज्वाळा सुमारे दोन मीटर लांब होतात. अशा आगीसमोर हिरव्या डहाळ्या घेऊन उभे राहणे जिवावर बेतू शकते. तेच गवत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सेकंदाला दोन सेंटीमीटर या वेगाने जळाले, तर तीव्रता दहापट घटून १०८ किलोवॅट होते आणि ज्वाळा पाऊण मीटरच्या आत राहतात. चढावर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण दर १० अंशांच्या चढाने आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा मॅकआर्थर यांचा ऑस्ट्रेलियातील अनुभवावर आधारित ठोकताळा आहे.

जाळरेषा काढणाऱ्या वनरक्षकाच्या आणि हंगामी मजुरांच्या कामात हे सारे गणित आधीपासूनच दडलेले असते. हंगामापूर्वी, गवत पुरते कडकडीत होण्याच्या आत, डोंगराच्या धारेने किंवा रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर दोन समांतर पट्ट्यांतील गवत कापून घेतात, आणि मधला भाग सकाळच्या दवाच्या वेळी किंवा वारा पडल्यावर संध्याकाळी, दोन्ही कडांना डहाळ्या व पाणी घेऊन माणसे उभी करून जाळतात. वरच्या बाजूने पेटवून आग खाली उतरू दिली की ती संथ राहते. पुढे खरोखर वणवा आला तर या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही, आणि गरज पडल्यास याच पट्ट्याच्या आधाराने समोरून आग लावून दोन्ही आगींमधले जळण संपवता येते. एप्रिलमध्ये पाठीवर ब्लोअर घेऊन चढणाऱ्या माणसाची धावपळ जानेवारीतल्या या संथ कामामुळे कमी होते. म्हणून वणवा विझवण्याच्या यंत्रांइतकाच खर्च जाळरेषेच्या मजुरीवर व्हायला हवा.

डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या नोंदींवरून वणव्याचे इशारे पाठवते. नव्या संवेदकाची क्षमता सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत पोचली आहे. परंतु असा उपग्रह एका जागेवरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, आणि लहान टेकडीवरचे गवत सूर्यास्तानंतर तास-दीड तासात जळून जाऊ शकते. अशा आगीची खबर पायथ्याच्या गावालाच आधी लागते.

आग पूर्णपणे बंद ठेवावी की नाही हा वाद भारतात नवा नाही. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत आगीपासून अतिसंरक्षण होत असल्याची तक्रार स्लेड यांनी ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये १८९६ मध्येच केली होती, तर १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ ने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले. मुदुमलईत १९८८ मध्ये आखलेल्या ५० हेक्टरांच्या कायमस्वरूपी क्षेत्रातील नोंदींवरून लहान खोडांची झाडे वणव्यात सर्वाधिक मरतात आणि मोठी बहुतांशी तगतात, हे स्पष्ट झाले. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा समाज हंगामाच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत असे. ती थांबली आणि घाणेरी वाढली, तेव्हा त्या झुडपांमुळे उलट अधिक भडकणाऱ्या आगीचे चक्र सुरू होऊ शकते, असा विचार अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडला. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा परिसरातील सोनाली साहा आणि हेन्री हाव यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली: वारंवार जळणाऱ्या भागात बीपासून उगवणाऱ्या जाती मागे पडतात आणि मुळापासून फुटणाऱ्यांचे वर्चस्व वाढते. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, कारण आगीचा परिणाम तिची वारंवारता, ऋतू आणि तीव्रता यांवर ठरतो. दर वर्षी मे महिन्यात जळणारा उतार पहिल्या वळवाला उघडाच सामोरा जातो व माती गमावतो; शिवाय जमिनीवर घरटी करणारे पक्षी अशा उशिराच्या आगीत आपली अंडी गमावतात.

मावळातील भातशेतकऱ्यांना मोजक्या आगीचा सराव आहे. रोपवाटिकेसाठी शेण, पालापाचोळा, गवत आणि वरून मातीचा थर देऊन राब भाजताना तो भडकू नये म्हणून वाऱ्याचा अंदाज घेतला जातो. या ज्ञानाला वनविभागाच्या कार्ययोजनेत स्थान मिळाले, तर दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९५४ पासून चाललेल्या प्रयोगासारखा एक छोटा प्रयोग इथेही आखता येईल: एकाच उतारावर दर वर्षी, तीन वर्षांआड आणि कधीही न जाळलेले असे पट्टे, त्यांतील गवताची, रोपांची व वाहून जाणाऱ्या मातीची किमान दहा वर्षांची नोंद, आणि जाळण्याची वेळ ठरवताना वनरक्षकासोबत गावातील जाणता माणूस.

दरम्यान जळण कमी करण्याचा सर्वांत निरुपद्रवी मार्ग गवत कापून नेण्याचा आहे. शेतजमिनी कारखान्यांना गेल्या आणि गोठे रिकामे झाले की उतारावरचे गवत कोणी कापत नाही आणि तेच उन्हाळ्यात वणव्याच्या वाट्याला येते. संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात या गवताची कापणी व वाहतूक यांची सोय करून ते चारा म्हणून गोठ्यांपर्यंत पोचवले, तर डोंगराला कमी आग आणि गुरांना अधिक चारा मिळेल. त्यासाठी कापणीचा परवाना गवत पूर्ण पिवळे पडण्याआधी हाती यायला हवा.