हीटरमधून थंड हवा येतेय? आधी कूलंट बघा

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही मुंब्र्याहून खेडजवळच्या गावी नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. गाडीत अम्मी, घरची मंडळी, दोन मुलं आणि स्टिअरिंगवर धाकटा भाऊ. पोलादपूर सोडून कशेडी घाट चढू लागलो (तेव्हा बोगदा सुरू झाला नव्हता) आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. "भाईजान, गाडी तापली की हीटर लावायचा असतो म्हणे," असं म्हणत भावाने भर उन्हात हीटर लावला. हवा आली ती थंडच. हीटरही बिघडलाय वाटतं, असं समजून आम्ही तसेच पुढे गेलो. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ निघू लागली.

हीटर बिघडलेला नव्हता. इंजिनातलं कूलंट संपत आलंय, हेच तो सांगत होता. आम्हाला ते कळलं नाही.

पुढे आणखी मोठी चूक होणार होती. भाऊ फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेला. मागून आलेल्या एका ट्रकवाल्या चाचांनी लांबूनच ओरडून त्याला थांबवलं. ते थांबले नसते तर लग्नाऐवजी आम्ही दवाखान्यात पोहोचलो असतो. नंतर कळलं की चिरलेला एक रबरी पाइप हेच मूळ कारण होतं. पाइप काही शे रुपयांचा. आधीचे तीन आठवडे टाकीतली पातळी कमी होत होती आणि आम्ही दर रविवारी नळाचं पाणी ओतून निश्चिंत होत होतो. पाणी कुठे जातंय, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

हे काम कसं चालतं?

इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात कूलंट फिरतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण, बहुतेक वेळा निम्मं निम्मं. वॉटर पंप ते फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते आणि गरम कूलंट पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं. तिथे वाऱ्याने किंवा पंख्याने ते थंड होतं आणि परत इंजिनात येतं.

डॅशबोर्डच्या मागे असाच एक छोटा रेडिएटर असतो. तोच आपला हीटर. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून जातं आणि त्यावरून येणारी हवा गरम होते. म्हणून काटा वर आणि हवा थंड असेल, तर त्या छोट्या रेडिएटरपर्यंत कूलंट पोहोचत नाही, असं समजावं.

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखं काम करतं. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. दाब आणि ग्लायकॉलमुळे कूलंट १२० अंशांच्या पुढेही द्रवच राहतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर, हातावर उडतं. शिट्टी न काढता कुकर उघडण्याची हिंमत आपण करत नाही. इथेही करू नये.

काटा आणि हीटर एकत्र वाचा

घरी तपासताना या दोन गोष्टी सोबत बघाव्यात. नव्या गाड्यांमध्ये काटा नसेल तर लाल दिवा बघा.

१. काटा वर, हवा थंड: कूलंट कमी आहे, पाइपांत हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप ते फिरवत नाही. गाडी लगेच थांबवा. कूलंट फारच कमी झालं तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटाही खोटं सांगू शकतो.

२. काटा वर, हवा कडक गरम: कूलंट आहे, पण उष्णता बाहेर पडत नाही. गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते का? मग पंख्यावर संशय घ्या. घरी उभ्या गाडीत इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पुढचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले किंवा मोटर बघावी लागेल. उलट घाटात किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून माती-किड्यांनी चोंदलेला असू शकतो. इंजिन तापलेलं असूनही रेडिएटरचा एक जाड पाइप गरम आणि दुसरा थंडगार राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता आहे.

३. काटा कायम खाली, हवा कोमट: थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. गाडी बंद पडत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण पेट्रोल-डिझेल जास्त जातं.

४. काटा मध्यावर, हवा थंड: आधी कूलंटची पातळी बघा. ती बरोबर असेल तर दोष हीटरकडे आहे. इंजिन बंद करून हीटरकडे जाणाऱ्या दोन पाइपांजवळ हात न्या. एक गरम आणि एक थंड असेल तर आत चोंदलंय किंवा झडप बंद आहे. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डमागची हवेची पट्टी अडकली असेल.

गळती कशी ओळखाल?

गाडी रात्रभर उभी करताना खाली पुठ्ठा ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनरंगी असतं आणि ते टपकणं नॉर्मल आहे. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं असतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल, काचेवर आतून चिकट धुकं बसत असेल, गोडसर वास येत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

बाहेर थेंबही नाही, तरी पातळी कमी होतेय, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येतोय किंवा ऑइल दुधाळ दिसतंय? मग हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या. हे काम हजारोंत जातं.

रस्त्यात गाडी तापली तर

एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर फुल लावा. त्याने इंजिनाची थोडी उष्णता निघते. हे फक्त सुरक्षित जागा गाठेपर्यंत. मग इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबा. मुलांना बॉनेटपासून लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं जपा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा.

अडचणीत साधं पाणी चालतं, पण नंतर गाडीच्या पुस्तकात दिलेलंच कूलंट भरून घ्या. बोअरिंगच्या पाण्याने आत क्षार साचतात. दोन प्रकारची कूलंट मिसळू नका. आणि उरलेली बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. साधारण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण जहाल विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, मांजरं ते चाटतात.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

घाटातल्या त्या प्रसंगानंतर एका गॅरेजवाल्याने आम्हाला पूर्ण रेडिएटर बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्याने पाइपाची चीर दाखवली. तेव्हापासून आम्ही "गाडी गरम होते" एवढंच सांगून थांबत नाही. काटा कधी वर जातो, त्या वेळी हीटरची हवा कशी असते आणि आठवड्यात पातळी किती उतरते, या तीन गोष्टी लिहून नेतो. त्यामुळे काम नेमकं होतं आणि नको तो खर्च टळतो.

दर रविवारी, गाडी थंड असताना, टाकीवरच्या मिन आणि मॅक्स या दोन रेषांच्या मध्ये पातळी आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, बहिणी-मुलींनाही, हे शिकवून ठेवा. घाटात प्रत्येक वेळी मागून ट्रकवाले चाचा येतीलच असं नाही.