फक्त कानांसाठी रचलेली भीती

रात्रीची वेळ. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावतेय. लाइन सारखी एंगेज. शेवटी ऑपरेटरला जोडून द्यायला सांगते, आणि लागतं क्रॉस कनेक्शन! दोन अनोळखी पुरुष बेत पक्का करताहेत: आज सव्वाअकराला एका बाईचा खून. पुलावरून आगगाडी जाईल, तिच्या धडधडाटात किंकाळी विरून जाईल. तेवढ्यात लाइन तुटते.

आता बाईने काय करावं? पुन्हा फोनच! ऑपरेटर, पोलीस... कुणी मनावरच घेत नाही.

‘सॉरी, राँग नंबर’ हे अर्ध्या तासाचं नभोनाट्य २५ मे १९४३ रोजी अमेरिकेत सीबीएस रेडिओवर झालं. लेखिका ल्युसिल फ्लेचर. १९१२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेली ही मुलगी त्याच सीबीएसमध्ये टायपिस्ट होती, दुसऱ्यांची नाटकं टाइप करून द्यायची!

तिची करामत कशात आहे? रेडिओवर दिसत काहीच नाही. मग तिने नायिकाही अशी निवडली, जिला फोनवरून फक्त ऐकू येतं. तिच्या कानावर जेवढं पडतं तेवढंच आपल्या. ती घाबरते ती आपल्यासोबत, त्याच क्षणी. अ‍ॅग्नेस मूरहेडने केवळ आवाजावर ही बाई जिवंत केली. १९४८ साली सिनेमा आला, पटकथा फ्लेचरचीच होती. बार्बरा स्टॅनविकला ऑस्करचं नामांकन मिळालं. तरी मला नभोनाट्यच जास्त भयंकर वाटतं. पडद्यावर ती खोली दिसते, आणि दिसली की भीती निम्मी होते.

अशा भीतीचं बी फ्लेचरला कुठेही सापडायचं. नवरा, संगीतकार बर्नार्ड हरमन, याच्यासोबत ती मोटारीने कॅलिफोर्नियाला निघाली होती. ब्रुकलिन ब्रिजवर एक विचित्र माणूस दिसला, आणि पुढे न्यू जर्सीत पुन्हा तोच! तो आपल्या आधी पोचला कसा? या एका प्रश्नातून ‘द हिच-हायकर’ हे नभोनाट्य जन्मलं. १९४१ मध्ये ऑर्सन वेल्सने ते रेडिओवर केलं, संगीत हरमनचं. ‘सायको’ सिनेमाचं काळजात सुरी फिरवणारं संगीत ज्याने पुढे दिलं, तोच हा हरमन.

नभोनाट्यांचे दिवस सरले तशी ती रहस्यकादंबऱ्यांकडे वळली. १९६० च्या ‘ब्लाइंडफोल्ड’मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाला चक्क डोळे बांधून रुग्णाकडे नेतात. म्हणजे इथेही तिने नजर काढून घेतलीच!

ल्युसिल फ्लेचर २००० साली गेली. ‘सॉरी, राँग नंबर’चं मूळ ध्वनिमुद्रण मात्र आजही ऐकायला मिळतं. त्या बाईचं पुढे काय होतं, हे मी मुद्दाम सांगत नाही. मिळवा आणि ऐका, एका बैठकीत.